रास कोणती, तेवढे आधी छापा : राशिभविष्याच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
दैनिके, साप्ताहिके, वाहिन्या आणि ॲप यांवर राशिभविष्याची सदरे चालवणारे सर्व संपादक

सप्रेम नमस्कार.

आपल्या सदरात बारा चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत तीन-चार वाक्ये. ती वाक्ये खरी ठरतात की खोटी, हा वाद पुढे आहेच. पण त्याआधीचीच एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही. वाचकाने त्या बारांतली कोणती चौकट स्वतःची म्हणून वाचायची, हे बहुतेक ठिकाणी छापलेलेच नसते.

एक उदाहरण घेऊ. १ जानेवारी २००० रोजी भारतात भर दुपारी जन्मलेली व्यक्ती, हाकेचे नाव 'अ'वरून. तारखांच्या पाश्चात्त्य तक्त्यात पाहिले तर तिची रास मकर, कारण त्या पद्धतीत सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास मकरेत जातो. तोच सूर्य आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजणाऱ्या, पंचांगात पाहिला तर धनू राशीत सापडतो. मकरसंक्रांतीला अजून दोन आठवडे आहेत. मराठी घरात 'रास काय?' असे विचारतात तेव्हा चंद्ररास विचारलेली असते. त्या दुपारी चंद्र स्वाती नक्षत्रात होता, म्हणून रास तूळ. आणि पत्रिका हाताशी नसली की घरातले कुणीतरी पंचांगातले अवकहडा चक्र उघडते आणि आद्याक्षरावर बोट ठेवते: 'अ' म्हणजे कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणजे मेष. माणूस एक, राशी चार. आपल्या एकाच पानावर त्या चार चौकटींत चार वेगळे सल्ले छापलेले असतात आणि ही व्यक्ती त्यांतला कोणताही आपला म्हणून वाचू शकते. संध्याकाळी 'आज अगदी बरोबर निघाले' असे ती म्हणाली, तर त्यातून नेमके काय सिद्ध झाले?

हा गोंधळ किती मोठा आहे याचे गणित अवघड नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो आणि पूर्ण फेरीला जवळपास २५,८०० वर्षे लागतात. सायन पद्धत संपातबिंदूपासून मोजते, निरयन पद्धत ताऱ्यांपासून. दोन्हींतले अंतर म्हणजे अयनांश, आणि ते आज सुमारे २४ अंश आहे. रास असते ३० अंशांची. म्हणजे दर पाच माणसांत चौघांची सायन सूर्यरास आणि निरयन सूर्यरास वेगळी निघते. तेव्हा 'मी टिपिकल सिंह' असे अभिमानाने सांगणारे पाच जण समोर असतील, तर पंचांगाच्या हिशेबाने त्यांतले चौघे कर्क आहेत.

निरयनवाल्यांतही एकमत नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला धरले. चित्रा तारा १८० अंशांजवळ यावी, असा तो हिशेब. हा चित्रापक्ष. आपल्याकडे टिळक पंचांग रैवतपक्ष मानते, म्हणजे रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजते, आणि दोघांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. अधिक महिना कधी धरायचा यावर मतभेद होतात ते याच फरकातून. चार अंश म्हणजे राशीचा साडेसातावा भाग. साध्या भाषेत, दर साडेसात जणांमागे एकाची जन्मरास नुसते पंचांग बदलल्याने बदलते.

चंद्र एका राशीत सरासरी सव्वादोन दिवस राहतो, ५४ तासांहून थोडे जास्त. त्यामुळे शंभरातल्या सुमारे ४४ तारखा अशा असतात की चंद्र त्या दिवसातच रास बदलतो. त्या दिवशी जन्मलेल्यांना जन्मवेळ कळल्याशिवाय जन्मरासही सांगता येत नाही, मग लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, तर लांबच. लग्न दर चार मिनिटांना साधारण एक अंश पुढे जाते, राशीचा नववा भाग म्हणजे नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो आणि साठावा भाग म्हणजे षष्ट्यंश दोन मिनिटांत. प्रसूतिगृहातल्या नोंदी बघा: वेळ बहुधा पाच किंवा शून्यावर संपते. शिवाय जन्मक्षण नेमका कोणता? डोके बाहेर आले तो, पहिला टाहो फुटला तो, की नाळ कापली तो? यावर ज्योतिषांतच वाद आहे. पाच मिनिटांचे धुके असलेल्या नोंदीवर दोन मिनिटांचे षष्ट्यंश मांडणे म्हणजे पावशेराच्या मापाने सोने मोजणे.

ज्योतिषी मंडळी लगेच म्हणतील की वर्तमानपत्रातले राशिभविष्य म्हणजे ज्योतिष नव्हे, खरे काम पूर्ण कुंडलीवर चालते. हे त्यांचे म्हणणे आम्ही नोंदवून ठेवतो आणि आपणही ठेवावे, कारण मग आपल्या सदराला त्यांचाही आधार उरत नाही. परंपरेचा आधार घेऊ म्हटले तर तोही पातळ आहे. वेदांग ज्योतिषात नक्षत्रे आहेत, बारा राशी नाहीत. वराहमिहिराने राशींची जी नावे नोंदवली आहेत त्यांत क्रिय, तावुरि, जितुम, लेय, जूक, कौर्प्य ही नावे सरळसरळ ग्रीक आहेत. 'होरा' हा शब्दही तिकडचाच. बाहेरून आले म्हणून ते खोटे ठरत नाही, तसेच जुने आहे म्हणून खरेही ठरत नाही. आणि वर्तमानपत्री सदर तर फारच अलीकडचे. ऑगस्ट १९३० मध्ये ब्रिटनची राजकन्या मार्गारेट जन्मली, तेव्हा 'संडे एक्सप्रेस'ने आर. एच. नेलर यांच्याकडून तिची पत्रिका लिहून घेतली. लेख गाजला आणि त्यातून नियमित सदर उभे राहिले.

इथे आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक विनंती. तेराव्या राशीचा, भुजंगधारीचा, दगड उचलून ज्योतिषांवर फेकू नका. सूर्य ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरच्या सुमारास भुजंगधारी तारकासमूहातून जातो आणि वृश्चिक तारकासमूहात जेमतेम आठवडाभर असतो, हे खरे. पण त्या सीमा आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९२८ मध्ये ठरवल्या. ज्योतिषातली रास म्हणजे ३० अंशांचा समान तुकडा, तारकासमूह नव्हे. या मुद्द्यावर ज्योतिषी बरोबर आहेत. तसाच 'एवढ्या लांबचा ग्रह माणसावर कसा काय परिणाम करेल?' हा प्रश्नही आम्ही विचारत नाही. संत्री आणि लिंबे दिल्यावर स्कर्व्ही हटतो हे जेम्स लिंडने १७४७ मध्ये पाहिले. क जीवनसत्त्व हाती यायला विसावे शतक उजाडले. कारण मागाहून सापडले तरी चालते. आधी परिणाम दिसायला हवा.

तो दिसतो असे लाखो वाचकांना वाटते, आणि ते खोटे बोलत नाहीत. म्हणून वाक्ये जवळून पाहू. राशिस्वभावाचा हा एक नमुना, आम्हीच रचलेला: 'तुम्ही वरून कठोर वाटता, पण मनाने हळवे आहात. इतरांसाठी खूप करता, मात्र त्याची जाण ठेवली जात नाही. गर्दीत मिसळता, तरी कधी कधी एकटेपणा हवासा वाटतो.' पहिल्या वाक्यात कठोर आणि हळवे असे दोन्ही टोकांचे गुण आहेत. माणूस कुठेही बसत असला तरी आत येतो. दुसऱ्यात तक्रारीच्या कागदात गुंडाळलेली स्तुती आहे, आणि आपल्या कष्टांची जाण ठेवली गेली असे मनापासून म्हणणारा माणूस विरळाच. तिसऱ्यातले 'कधी कधी' काढा आणि वाक्य पुन्हा वाचा. लगेच ते काही जणांबाबत चुकू लागते. सगळे काम त्या दोन शब्दांचे आहे.

रोजच्या भविष्यात हेच काम क्रियापद करते. 'धनलाभ संभवतो' या वाक्याला दिवसभरातली कोणतीही घटना खोटे पाडू शकत नाही. 'प्रवासात काळजी घ्यावी' हा सल्ला आहे, भाकीत नव्हे. 'जुनी येणी वसूल होण्याची शक्यता', 'वरिष्ठांशी वाद टाळावा', 'पोटाच्या तक्रारी जाणवतील': यांपुढे वृषभ लिहा, कुंभ लिहा, काही बिघडत नाही. सदर लिहिणारा आजारी पडला म्हणून मागच्या वर्षीचा मजकूर राशी फिरवून चालवला, तर वाचकांतून किती पत्रे येतील? अंदाज आपणच करा. आपल्याला या धंद्यातल्या खाचाखोचा आमच्याहून जास्त ठाऊक.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझे खास' म्हणून व्यक्तिचित्र दिले. शून्य ते पाच गुणांत ते किती जुळते, असे विचारल्यावर सरासरी चाराच्या वर गेली. सगळ्यांना दिलेला कागद अक्षरशः एकच होता आणि त्यातली बरीचशी वाक्ये रस्त्यावर मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. फ्रान्सचा मिशेल गोक्लँ याहून पुढे गेला. त्याने फुकट पत्रिकेची जाहिरात दिली आणि मागणी करणाऱ्या दीडशे जणांना एकच पत्रिका पाठवली. ९४ टक्के लोकांनी 'हा मीच' असे कळवले. ती पत्रिका डॉ. मार्सेल पेतियोची होती. अनेक खुनांबद्दल १९४६ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला होता. गोक्लँ ज्योतिषाचा वैरी नव्हता, हेही सांगायला हवे. मंगळ आणि खेळाडू यांच्यात नाते आहे, असे तो स्वतः मांडत राहिला.

म्हणून 'वाचकांना जुळते' हा पुरावा धरता येत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. १९७८ मध्ये मेयो, व्हाइट आणि आयझेंक यांनी २,३२४ जणांच्या चाचण्यांवरून दाखवले की मेष, मिथुन, सिंह अशा विषम राशींचे लोक थोडे अधिक बहिर्मुख निघतात. ज्योतिषजगतात आनंद झाला. पुढच्या तपासण्यांत गंमत उघड झाली: हा कल मुख्यतः ज्यांना आपल्या राशीचा स्वभाव माहीत होता त्यांच्यातच दिसत होता. लहानपणापासून 'तू सिंहेचा, तू पुढे होणारच' असे ऐकलेला माणूस प्रश्नावलीतही पुढे होतो. रास स्वभाव घडवते ती अशी, कानावाटे. आणि ते घडवण्यात आपल्या सदराचा वाटा आहे.

हे टाळायचे तर ज्योतिषालाच उत्तर द्यायला लावायचे आणि खरे उत्तर त्याच्यापासून लपवायचे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ शॉन कार्लसनने तसे केले. निष्कर्ष १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. ज्योतिषांना एक कुंडली आणि तीन मानसशास्त्रीय अहवाल दिले, तिघांतला खरा ओळखायचा. निम्म्याहून अधिक वेळा जमेल असे ज्योतिषांचे म्हणणे होते. जमले सुमारे एक तृतीयांश वेळा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवल्यावर जमते तितकेच. याच प्रयोगात लोकांना स्वतःचा मानसशास्त्रीय अहवालही ओळखता आला नाही. हा भाग अनेकदा गाळला जातो. आम्ही मुद्दाम सांगतो, कारण 'मला माझे वर्णन पटले' या साक्षीची किंमत त्यातून कळते.

आपल्याकडचा प्रयोग तर महाराष्ट्रातलाच. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या: १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला यादृच्छिक निवडलेल्या ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली, एवढेच विचारले. चाळीसपैकी २८ बरोबर आल्या तर ते दखल घेण्याजोगे, असे आधीच ठरले होते. २७ ज्योतिषांची उत्तरे आली. २८ पर्यंत कुणीही पोचले नाही. एकूण सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास राहिली. नाणे उडवले असते तर ५० टक्के आले असते. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. हा निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. यातला प्रश्न बारकाव्याचा नव्हता. आयुष्यातला इतका मोठा फरक कुंडलीत दिसत नसेल, तर 'या आठवड्यात सहकाऱ्यांचे सहकार्य लाभेल' हे कुठून दिसते?

आता आकड्यांची एक खोड. आपल्याकडे अधूनमधून बातमी येते की अमुक राशीच्या लोकांना अमुक आजार जास्त. ही बातमी बनते कशी, हे कॅनडात ऑन्टारियोतल्या संशोधकांनी २००६ मध्ये मुद्दाम करून दाखवले. एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या नोंदी घेतल्या, निम्म्या नोंदींत राशी आणि रुग्णालयात दाखल होण्याची कारणे यांची मेळवणी शोधत गेले, आणि प्रत्येक राशीला दोन याप्रमाणे २४ 'ठळक' संबंध सापडले. सिंहेला पोटातला रक्तस्राव, धनूला दंडाचे हाड मोडणे. मग तेच २४ संबंध उरलेल्या निम्म्या लोकांत तपासले. हे दोनच टिकले. आणि इतक्या साऱ्या शक्यता एकदम तपासल्याबद्दल जी कात्री लावावी लागते ती लावल्यावर तेही गेले. शेकडो आजार गुणिले बारा राशी इतकी दारे ठोठावली की काही उघडणारच. प्रश्न एवढाच की तेच दार दुसऱ्या खेपेला उघडते का. राशीविषयीचा अभ्यास हाती आला की बातमी करण्यापूर्वी हाच प्रश्न विचारा: दुसऱ्या, वेगळ्या लोकांवर पडताळला का?

दुसरी खोड अधिक लपून बसते. ब्रिटनच्या २००१ च्या जनगणनेतल्या एक कोटी जोडप्यांच्या राशी डेव्हिड व्होआसने तपासल्या. एकाच राशीची जोडपी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त निघाली. मुळाशी गेल्यावर दिसले की काही घरांत अर्ज भरणाऱ्याने जोडीदाराच्या रकान्यातही स्वतःचीच जन्मतारीख लिहिली होती. त्या चुका वजा केल्यावर कोणत्याही राशीचे कोणत्याही राशीशी खास सूत उरले नाही.

जन्ममहिन्याचा आयुष्यावर काहीच परिणाम नसतो, असे मात्र आम्ही म्हणत नाही. शाळाप्रवेशाची किंवा खेळातल्या वयोगटाची एक अंतिम तारीख असते. तिच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली मुले एकाच वर्गात जवळपास वर्षाच्या फरकाने बसतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. मोठे मूल उंच, धीट, निवडले जाणारे. त्याला सराव जास्त मिळतो आणि फरक वाढत जातो. कॅनडाच्या आइस हॉकीत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू बरेच जास्त असतात, कारण तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. अंतिम तारीख हलवली की फायद्याचा महिनाही हलतो. शनी-मंगळाला शाळेचे वेळापत्रक ठाऊक असल्याशिवाय हे त्यांच्या खात्यावर घालता येत नाही. मेषेला वसंताची उसळी असते असे सायनवाले सांगतात, त्यांना दक्षिण गोलार्धाचे विचारा: तिथे मेषेचा सूर्य शरद घेऊन येतो.

आतापर्यंतचे सारे करमणूक म्हणून सोडून देता आले असते. 'आम्ही गंमत म्हणून छापतो' हे आपले नेहमीचे उत्तरही आम्ही मान्य केले असते. पण त्याच पानांवर मंगळ, नाडी आणि साडेसाती येतात, आणि त्यांच्यावरून स्थळे मोडतात. मंगळाचे गणित करा. लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळदोष. बारांतली पाच स्थाने, म्हणजे जवळपास ४२ टक्के लोक मंगळी. चंद्रापासूनही पाहायचे ठरवले तर किमान एका हिशेबाने मंगळी ठरणारे सुमारे ६६ टक्के. शुक्रापासूनही धरले तर ८० टक्के. पाचांतले चार जण ज्यात येतात त्याला दोष म्हणायचे की मनुष्यजात? मग अपवादांची यादी उघडते, आणि कोणाच्या पत्रिकेला कोणता अपवाद लावायचा हे पत्रिका बघणारा ठरवतो. व्यवहारात निर्णय तिथे होतो. मंगळाकडे बोट नंतर दाखवतात.

गुणमेलनात ३६ गुण: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८. हे सारे दोघांच्या चंद्रावरून, म्हणजे जन्मनक्षत्र आणि रास यांवरून. बाकीचे ग्रह, लग्न, दशा, कशाचाच त्यात हिशेब नाही. सर्वांत जड आठ गुण नाडीचे. २७ नक्षत्रे आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, म्हणून कोणतीही दोन माणसे उचलली तरी तीन जोड्यांत एकीची एकनाड (दोघांची नाडी एकच) निघणार, म्हणजे आठही गुण गेले. षडाष्टक (एकमेकांपासून सहावी-आठवी रास), द्विद्वादश (दुसरी-बारावी) आणि नवपंचम (नववी-पाचवी) धरले तर राशीकूटाचे सात गुण बारांपैकी सहा स्थितींत शून्य, म्हणजे निम्म्या जोडप्यांचे गेले. साडेसातीचेही तसेच: शनी जन्मराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीत असताना ती असते, म्हणजे बारांतल्या तीन. या क्षणी जगातले सुमारे दोनशे कोटी लोक साडेसातीत आहेत. त्यांतल्या काहींचे हाल चालू असतील आणि ते शनीचे नाव घेतील. उरलेल्यांना कुणी विचारत नाही.

राशीवरचा विश्वास आयुष्य बदलतो का? बदलतो, आणि ते मोजले गेले आहे. जपानमध्ये साठ वर्षांतून एकदा 'अग्नी-अश्व' वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जाचक ठरते, असा समज. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख जन्म झाले होते. १९६६ मध्ये ते १३ लाख ६० हजारांच्या आसपास आले. एका वर्षात पाव भाग कमी. आपल्याकडच्या 'कडक मंगळा'च्या मुलींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आमची मागणी सदर बंद करा अशी नाही. सदराच्या माथ्यावर एक ओळ छापा: ही चंद्ररास की सूर्यरास, सायन की निरयन, पंचांग कोणते. लग्न, औषधोपचार, नोकरी सोडणे आणि पैसे गुंतवणे याबद्दल राशीवार सल्ला देऊ नका. आणि एकदा आपल्याच कार्यालयात ही चाचणी घ्या. खर्च जवळजवळ शून्य, लागतात दोन आठवडे.

आपल्या सदराच्या हिशेबाने प्रत्येक राशीचे दहा, असे १२० वाचक निवडा. प्रत्येक राशीचे दहाच हवेत. एखादा मजकूर गोडगोड असेल आणि त्यावर सगळ्यांच्याच उड्या पडत असतील, तर समान संख्येमुळे तो झुकाव आपोआप निघून जातो. रोजच्या रोज भविष्य वाचणारे घेऊ नका, त्यांना मजकूर आठवतो. ज्योतिषाने दिलेल्या मजकुरातून राशींची नावे काढा, तसेच चुगली करणारे शब्दही काढा: सिंहेचे 'राजेशाही', कन्येचे 'नीटनेटके', तुळेचे 'समतोल'. काय काढले ते ज्योतिषाला दाखवा आणि आशय बदललेला नाही अशी त्याची सही घ्या, नाहीतर नंतर तोच मुद्दा येईल. मग बारा मजकुरांना क ते ठ अशी अक्षरे चिठ्ठ्या टाकून द्या. अक्षर-राशीची किल्ली पाकिटात घाला, पाकीट या कामाशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवा. वाचकांशी बोलणाऱ्याला ती किल्ली माहीत नसावी. माहीत असेल तर त्याची मान कुठे हलते हे वाचक टिपतो.

हे मजकूर त्या दिवशी छापू नका. दिवस सरल्यावर वाचकांपुढे बाराही ठेवा आणि विचारा, तुमचा आजचा दिवस यांतल्या कोणत्या मजकुराशी सर्वाधिक जुळला? प्रत्येकाने एकच अक्षर लिहायचे. नुसत्या नशिबाने १२० पैकी सुमारे दहा जणांचे बरोबर येईल. अकरा-बारा आले म्हणून हुरळू नका, सात-आठ आले म्हणून आम्हीही नाचणार नाही. १८ किंवा अधिक आले तर ते नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. तसे झाल्यास आठवड्याने नवे १२० वाचक घेऊन पुन्हा करा. दोन्ही खेपांना १८ किंवा अधिक आले, तर आम्ही आमचे म्हणणे तपासायला बसू आणि तसे आपल्याच पानावर लिहून देऊ.

ही १८ ची रेघ, वाचक निवडायची रीत आणि निकाल छापायची तारीख पाकीट फोडण्याआधी आपल्या अंकात प्रसिद्ध करा. निकाल काहीही आला तरी तो राशिभविष्याच्याच जागी, त्याच टायपात छापावा. किल्लीचे पाकीट सांभाळायला किंवा मोजणीला माणूस हवा असेल तर आमच्यातले कोणीही येईल. मोजणीच्या वेळी आपल्या सदराचे ज्योतिषीही समोर बसलेले असावेत.

आपले,
खगोलगणित, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांत काम करणारे काही वाचक